शाईच्या पेनाला मानवेल अशी देशी वही: सोलापुरात कुठे बघू?

सातवी_ब
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. मी सोलापुरात एका मराठी शाळेत सातवीला शिकवते. दिवाळीनंतर वर्गातल्या बत्तीस मुलांना शाईच्या पेनानं लिहायला लावलं. बॉलपेन दाबून लिहिणारी मुलं हळूहळू हलक्या हातानं लिहू लागली, अक्षर मोकळं झालं, शिरोरेषा सरळ यायला लागली. हे डोळ्यांसमोर घडलंय, त्यामुळे मला यातून माघार घ्यायची नाही.

अडचण वह्यांची आहे. मुलं आणतात त्यातल्या निम्म्या वह्या शाई पितात. ‘क्ष’ आणि ‘ळ’ची पोटं भरून जातात, ‘द्ध’ लिहिला तर नुसता डाग. मागच्या पानावर सगळ्यात आधी उतरतात ते अनुस्वार, कारण टिंब देताना निब तिथं क्षणभर टेकलेली असते. पान उलटलं की अक्षर दिसत नाही, टिंबांची रांग दिसते. मग मुलं पानाच्या एकाच बाजूला लिहितात. परवा एका मुलीची आई आली होती, विड्या वळते. म्हणाली, “बाई, महिन्यात दोन वह्या संपल्या. पेन बंद केलं तर चालेल का?” तिला काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही.

मला अशी वही हवीय जिच्या दोन्ही बाजूंना लिहिता येईल, ओळी आखलेल्या असतील, किंमत साठ रुपयांच्या आत असेल आणि कागद आपल्या देशातलाच असेल. आणि हो, दुकानात जाऊन हात लावून बघता आली पाहिजे. एक वही ऑनलाइन मागवून बघितली. पुठ्ठ्यावर ‘फाउंटन पेनसाठी’ असं छापलेलं, कागद १०० जीएसएम, चांगला जाड. पहिल्याच ओळीत शाई फुटली. जाड कागदावर फुटत नाही असंच मी आजवर समजत होते. काय चुकतंय?


होटगी_रोड
सोमवार, रात्री १०.१५

ताई, चांगलं काम करताय. मी रोजनिशीसाठी शिवकाशीची नाईटिंगेल आणि आयटीसीची पेपरक्राफ्ट वापरली आहे. दोन्हीवर माझी मध्यम निब स्वच्छ चालते. बिल्टच्या मॅट्रिक्स वह्या, मुंबईची रबरबँड, मायपेपरक्लिप ही नावंही शाईच्या पेनवाल्यांत नेहमी निघतात. पण यातल्या बऱ्याच वह्या साठ रुपयांत बसणार नाहीत. मोठ्यांच्या टेबलावर ठीक आहेत, बत्तीस मुलांच्या दप्तरात नाही परवडणार.


पांजणी
सोमवार, रात्री ११.३०

ताई, जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. वजनावरून कागद किती शाई पिणार ते कळत नाही. जाड टॉवेल पातळ टॉवेलापेक्षा जास्तच पाणी पितो, हे आपल्या गावाला सांगायला नको.

आमच्या घरी पूर्व भागात आजोबांपासून माग. ताण्याचं, म्हणजे उभं, सूत मागावर चढवण्याआधी त्याला खळ देतात, ती पांजणी. पूर्वी गल्लीत ताणा पसरून कुंच्यानं खळ मारायचे, आता सायझिंगचे कारखाने आहेत. खळ नसेल तर सुताचे तंतू उभे राहतात, फणीत घासतात, ताणा तुटतो. खळ बसली की तंतू दबतात आणि सूत गुळगुळीत होतं. कागदाच्या गिरणीतही या कामाला सायझिंगच म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एकदम घरच्यासारखं वाटलं होतं.

कागद म्हणजे लाकडाच्या, बांबूच्या, चिपाडाच्या तंतूंची दाबलेली गादी. या तंतूंना पाण्याची ओढ फार. वातीतून तेल चढतं तशी शाई तंतूंमधल्या फटींतून आडवी सरकते. आपण जिला ‘शाई फुटली’ म्हणतो ती ही. तीच खाली गेली की मागच्या पानावर उतरते. हे थांबवायला लगद्यातच पाणी अडवणारा पदार्थ घालतात. पूर्वी राळ आणि तुरटी घालत, आता बऱ्याच गिरण्यांत एकेडी नावाचं रसायन असतं. ही झाली आतली खळ. नंतर कागद यंत्रावर असतानाच दोन रुळांमधून काढून त्याच्यावर स्टार्चची खळ चढवतात, ती वरची. तुमच्या मुलांच्या अक्षराच्या कडा स्वच्छ राहतात त्या या वरच्या खळीमुळे.

कागदाच्या व्यापाऱ्याकडे गेलात तर दोन शब्द कानावर येतील, क्रीमवोव आणि मॅपलिथो. क्रीमवोवला साधारणपणे वरची खळ नसते, मॅपलिथोला असते. स्वस्त शालेय वह्या बहुतेक क्रीमवोवच्या, ५४ ते ६० जीएसएमच्या आसपास. याउलट जपानचा तोमोए रिव्हर कागद अवघा ५२ जीएसएमचा. इतका पातळ की मागचं अक्षर सावलीसारखं दिसतं, पण शाई फुटत नाही आणि पलीकडे उतरतही नाही. मागचं दिसणं आणि मागे उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिसणं कागदाच्या जाडीवर आणि त्यातल्या भरीवर (लगद्यात मिसळलेली खडूसारखी पांढरी पूड) अवलंबून, उतरणं खळीवर.

दुकानात करता येईल अशी परीक्षा सांगतो. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि मनात साठपर्यंत मोजा. दहाच्या आत थेंब पसरून कागद गडद झाला तर ती वही खाली ठेवा. साठ मोजून झाल्यावरही थेंब उभा असेल, टिपून घेतल्यावर नुसती ओलसर खूण राहिली असेल, तर पेन काढा. गिरण्यांच्या प्रयोगशाळेत कॉब चाचणी असते, तीही याच तत्त्वावर: ठरावीक वेळ, बहुधा ६० सेकंद, कागदावर पाणी ठेवून त्यानं किती प्यायलं ते तोलून बघतात.


रॉयल_ब्लू
मंगळवार, सकाळी ७.०५

पांजणीदादांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मी पेन आणि शाईबद्दल थोडं सांगतो, कारण शाई आणि निब बदलली की तोच कागद वेगळा वागतो.

मुलांच्या पेनात बारीक निब असू द्या. जाड निब एका रेघेला जितकी शाई सोडते तितकी कुठल्याच स्वस्त कागदाला झेपत नाही. शाई कॅमलची रॉयल ब्लू घेतली तरी पुरे, पांढऱ्या शर्टावरून धुतली जाते. सुलेखा १९३४ पासूनची, ब्रिल आणि कृष्णाही आपल्याकडच्याच. लोहाची निळी-काळी शाई कमी फुटते हे खरं, पण तिला पेन वेळच्या वेळी धुवावं लागतं. सातवीतल्या मुलांवर ते लादू नका. कागदाची परीक्षा मात्र मुलं रोज वापरतात त्याच शाईनं आणि त्याच पेनानं करा, स्वतःच्या चांगल्या पेनानं नको.

आणखी एक. आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात पान बघता बघता वाळतं, तेव्हा सगळ्याच वह्या बऱ्या वाटतात. मृग लागला की कागद हवेतला ओलावा धरतो आणि तीच वही फुटायला लागते. जूनमध्ये घ्यायची वही मे महिन्यात तपासून खात्री धरू नका.


भीमाकाठ
मंगळवार, सकाळी ११.२०

चिपाडाचा विषय निघाला म्हणून लिहितो. तमिळनाडूत करूरजवळ कागितपुरमला टीएनपीएल ही सरकारी कागद गिरणी आहे, १९७९ साली स्थापन झालेली. उसाच्या चिपाडापासून लिहायचा-छापायचा कागद करण्यासाठीच ती उभारली. चिपाडाचे तंतू आखूड असतात. ते फटी भरून काढतात, त्यामुळे ताव एकसारखा होतो, उजेडात धरला तर ढगाळ दिसत नाही. आपल्या जिल्ह्यात इतका ऊस, पण कारखान्यातलं चिपाड बहुतेक बॉयलरमध्ये जातं, त्यावर वाफ आणि वीज होते. कारखान्याचा तो हिशोब मला समजतो. तरी गाळपाच्या दिवसांत चिपाडाचे डोंगर बघितले की वाटतं, यातल्या थोड्याची वही झाली असती.

ताईंनी दुकानात वहीचं मागचं पान बघावं. तिथं बहुतेक वेळा जीएसएम लिहिलेला असतो, कधी कागद कशाचा आहे तेही.


दौत
मंगळवार, दुपारी १.४५

हातकागदाचा विचार कुणी केलाय का? पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासून. सुती चिंध्यांपासून कागद करतात. आपल्या गावात सुती कापडाचे तुकडे पोत्यानं निघतात, म्हणून विचारतेय.


पांजणी
मंगळवार, दुपारी ३.१०

@दौत, सुती तंतू लांब आणि बळकट, कागद पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. पण बाजारात मिळणारा बराचसा हातकागद चित्रांसाठी, पाकिटांसाठी, पत्रिकांसाठी असतो, त्यामुळे पृष्ठभाग खरखरीत. माझ्या निबच्या फटीत दोन ओळींतच तंतू अडकला आणि प्रत्येक अक्षराला शेपूट फुटली.

जुने लोक हातकागदावरच लिहीत होते, पण ते कागद घोटून घेत. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हा धंदा पूर्वापार आहे. तावाला खळ द्यायची, वाळवायचा आणि मग गुळगुळीत दगडानं घोटघोट घोटायचा. जुन्या मोडी कागदपत्रांवर बोट फिरवून बघा, कागद काचेसारखा लागतो. बोरूचं अक्षर अजून धारदार आहे ते त्या घोटण्यामुळे आणि काजळाच्या शाईमुळे. ती शाई फाउंटन पेनात मात्र कुणी भरू नका, काजळ आत बसून पेन कायमचं बंद पडेल. कुणी आपल्या चिंध्यांचा, खळ देऊन घोटलेला कागद केला तर पहिला ताव मी विकत घेईन. ताईंच्या वर्गाला तो साठ रुपयांत मिळेल असं आज तरी दिसत नाही.


दौत
मंगळवार, दुपारी ३.३०

बरोबर. घोटण्याचं डोक्यातच आलं नव्हतं.


जुजबंदी
मंगळवार, रात्री ९.००

ताई, दिवसभर दुकानात होतो, आता सगळा धागा वाचला. आमचं बाइंडिंगचं काम आहे, वडिलांपासून. खतावण्या, रोजमेळ, शाळांची हजेरीपत्रकं, सगळं बांधलंय.

तयार वही शोधत फिरण्यात एक धोका आहे तो आधी सांगतो. पुठ्ठा तोच, नाव तेच, पण आतला कागद दरवेळी एकाच गिरणीचा असेल असं नाही. या वर्षी चांगली लागलेली वही पुढच्या वर्षी फुटते ती त्यामुळे. म्हणून तयार वही आवडली तर एकच वही घेऊन चार दिवस वापरा, आणि पटली तर त्याच गठ्ठ्यातून वर्षभराच्या घ्या.

माझं ऐकाल तर कागद घ्या आणि वही बांधून घ्या. हिशोब सांगतो. ७० जीएसएमचा मॅपलिथो, २३ बाय ३६ इंची ताव. पाचशे तावांच्या रिमीचं वजन साधारण पावणेएकोणीस किलो. एका तावाला चार घड्या घातल्या की १६ पानं होतात, म्हणजे लिहायच्या ३२ बाजू, आकार पावणेसहा बाय नऊ इंच. हा एक जुज. पाच जुज शिवले की १६० बाजूंची वही, म्हणजे एका रिमीत शंभर वह्या. किलोला ऐंशी-नव्वद रुपये धरले तर वहीमागे कागद सतरा रुपयांच्या आत. पुठ्ठा, कापडी पाठ, शिलाई, कटिंग आणि आखणी धरून शंभर वह्यांना मी पन्नासच्या आत बसवून देतो.

खतावणीचा लेजर कागद याहून सरस. मुनीम टाकानं लिहायचे, चुकलं तर खरवडून पुन्हा त्याच जागी लिहायचे, म्हणून त्याला खळ भरपूर. पण तो महाग आहे, मुलांना मॅपलिथो पुरेल.

दोन गोष्टी कुठल्याही बाइंडरकडे गेलात तरी सांभाळा. कागदाला ग्रेन असतो, म्हणजे तंतू ज्या दिशेनं बसलेत ती दिशा. पांजणीदादा त्याला ताण्याची दिशा म्हणतील. कागद फाडून बघा, एका दिशेनं सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेनं वेडावाकडा. सरळ फाटतो ती दिशा वहीच्या पाठीला समांतर यायला पाहिजे. उलटी आली तर घडी तडकते, वही उघडी राहत नाही आणि मुलं तळहातानं दाबत बसतात. दाबलं की घाम लागतो, घामाच्या तेलकट जागी शाई धरत नाही, पानाच्या खालच्या चार ओळी तुटक येतात. तुमच्या मुलांच्या वह्यांत खालच्याच ओळी तुटत असतील तर तो पेनाचा दोष नाही.

दुसरं आखणीचं. ओळी ऑफसेटवर छापतात, त्या शाईत तेल असतं. रेघ जाड आणि गडद छापली तर पेनाची शाई रेघेवर घसरते. म्हणून रेघ बारीक आणि फिकी राखाडी घ्या.

एकदा दुकानात या की ओ, येताना मुलांची दोन पेनं आणा. माझ्याकडे सात-आठ प्रकारचे तुकडे पडलेत, सगळ्यांवर लिहून बघू.


होटगी_रोड
मंगळवार, रात्री ९.२०

+१. माझ्याही चार वह्या त्याच रिमीतून धरता येतील का? बिनआखणीच्या चालतील.


रॉयल_ब्लू
बुधवार, सकाळी ८.००

घामाचं अगदी खरं आहे. हाताखाली टीपकागदाचा एक तुकडा ठेवायची सवय मुलांना आत्ताच लावा. नसेल तर जुन्या वहीचं पान घडी करूनही चालतं.


सातवी_ब
रविवार, संध्याकाळी ६.१५

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. शुक्रवारी शाळा सुटल्यावर जुजबंदीदादांकडे गेले होते. त्यांच्याकडचे तुकडे आणि मुलांच्या वह्यांची पानं मिळून नऊ नमुने झाले. काल वर्गातच परीक्षा घेतली. प्रत्येक नमुन्याच्या मागे पेन्सिलीनं नुसता आकडा, नाव नाही, म्हणजे मुलांचं मन आधीच ठरलेलं नसेल. वाक्य सगळ्यांना एकच: ‘चिंचेखाली सकाळी क्षणभर थांबलेला वृद्ध’. ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ळ’ आणि अनुस्वार, सगळी अवघड गिऱ्हाइकं एका ओळीत. पेनं मुलांचीच, शाई रोजचीच.

आधी थेंब ठेवला. मुलं मोठ्यानं मोजत होती. दोन नमुने आठ-नऊच्या आत गडद झाले, लिहिल्यावर त्यांच्यावरच शाई सगळ्यात जास्त फुटली. माझी १०० जीएसएमवाली वही वीसपर्यंत टिकली. झेरॉक्सचा ७५ जीएसएम कागद वरून छान, कडा स्वच्छ, पण मागे अनुस्वार फिकट उतरलेले. ७० जीएसएमच्या मॅपलिथोवर साठ मोजून झाले तरी थेंब मण्यासारखा उभा होता. लिहिल्यावर ‘द्ध’चा खालचा ‘ध’ वेगळा वाचता येत होता. पान उलटलं तर ओळीची सावली तेवढी दिसली, टिंब एकही नाही. लेजर कागदावर याहून छान, निब कशी घसरत जाते. दादांनी दाखवलेल्या एका जुन्या, कोऱ्या खतावणीच्या पानावर मी स्वतः दहा ओळी लिहिल्या आणि उठवेना.

एक शोध मुलांनी लावला. एका नमुन्याची एक बाजू चांगली आणि दुसरी थोडी फुटणारी निघाली. मला वाटलं मुलांनी नमुने उलटसुलट केले. पुन्हा लिहून बघितलं तर तसंच.

आणि एका मुलाच्या साध्या शालेय वहीचं पान तिसऱ्या क्रमांकावर आलं! त्याच नावाची वही दुसऱ्या मुलाकडे होती, ती थेंबालाच हरली. जुजबंदीदादा म्हणतात तेच.


पांजणी
रविवार, रात्री ८.४०

दोन बाजूंचा फरक मुलांनी पकडला याचा फार आनंद झाला. यंत्रावर लगदा तारेच्या जाळीवर पसरतात, पाणी खालून निथळतं. पाण्याबरोबर बारीक तंतू आणि भर त्या बाजूनं थोडी वाहून जाते, म्हणून जाळीची बाजू जराशी मोकळी राहते. चांगल्या गिरणीच्या कागदात हा फरक हाताला लागत नाही, पण शाई ओळखते. मुलांना भिंग द्या, काही कागदांवर जाळीची खूणसुद्धा दिसते.


सातवी_ब
रविवार, रात्री ९.३०

उद्याच भिंग नेते.

ठरलं ते असं: ७० जीएसएम मॅपलिथो, एक रीम, शंभर वह्या. बत्तीस मुलांना प्रत्येकी तीन म्हणजे शहाण्णव. उरलेल्या चार होटगी_रोड यांच्या, फक्त त्यांना आखलेल्याच घ्याव्या लागतील. पालकांना वही अठ्ठेचाळीस रुपयांना पडेल. विड्या वळणाऱ्या त्या ताईंना मी दोन्ही बाजूंनी लिहिलेलं मॅपलिथोचं पान दाखवलं. त्यांनी ते खिडकीशी उजेडात धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि तिथंच दीडशे रुपये माझ्या हातात ठेवले. सहा रुपये परत द्यायचे आहेत.

जुजबंदीदादा, फक्त आखणीचं राहिलं. दोन ओळींत किती अंतर ठेवायचं? मुलांना वेलांट्या, उकार आणि रफार नीट मावायला हवेत.


जुजबंदी
रविवार, रात्री १०.०५

नेहमीच्या वहीत आठ मिलिमीटरच्या आसपास असतं. देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार, म्हणून मी नऊ धरतो. पानाला तीन-चार ओळी कमी बसतील, पण अक्षर गुदमरणार नाही. मंगळवारी प्रेसमधून आखणीचा एक ताव छापून आणतो. दोन मुलांना घेऊन या, त्यांनी त्यावर लिहून होकार दिला की मगच रीम मशीनवर चढवायला सांगतो.


होटगी_रोड
रविवार, रात्री १०.१०

आखलेल्या चालतील. मंगळवारी मीही येतो.